घर विकताना भिंतीवर काय असावे?

पुण्यातील आपल्या समाजाची अनेक कुटुंबे सध्या घर बदलण्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत. रविवार पेठ, गुरुवार पेठ, नाना पेठ या भागांत दुकानाच्या माडीवर किंवा दुकानाच्या हाकेच्या अंतरावर राहणारी पिढी पुढे गुलटेकडी, सॅलिसबरी पार्क, मुकुंदनगर, बिबवेवाडी येथे स्थिरावली. आता तिची मुले बाणेर-खराडीकडे किंवा थेट परदेशात गेली आहेत, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील घर गुडघ्यांना झेपेनासे झाले आहे. अशा वेळी घर विकण्याचा निर्णय होतो. मग रंगकाम, कागदपत्रे, दलाल, सोसायटीचा ना हरकत दाखला या साऱ्यांची चर्चा घरात रोज होते. भिंतीवरील चित्रांचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. घर पाहण्यास आलेल्या गृहस्थाची नजर दार उघडताच प्रथम जाते ती समोरच्या भिंतीवर, आणि तेथे जे टांगलेले असते त्यावरून तो बाकीच्या घराविषयी अर्धे मत बनवून टाकतो.

विक्रीपूर्वी घर नीटनेटके मांडून दाखवण्याचे एक स्वतंत्र शास्त्र अमेरिकेत १९७० च्या दशकात उदयास आले. त्यास तेथे ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. आपल्याकडेही नव्या गृहप्रकल्पांतील ‘सॅम्पल फ्लॅट’ याच तंत्राने सजवलेला असतो. त्यातील चांगले ते घ्यावे, पण त्याच्या कोणत्या टोकाला श्रावकाने थांबावे, याचाही विचार व्हावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

भिंत आणि चित्र यांचे बदललेले नाते

पूर्वी चित्र हे घराचाच भाग असे. वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी नाना फडणविसांचा वाडा आहे; त्याच्या भिंतींवरील चित्रे गिलाव्यावरच रंगवलेली आहेत. अशा वाड्याची भिंत आणि चित्र वेगळे करता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती पालटली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात चित्रशाळा सुरू झाली आणि देवदेवतांची व ऐतिहासिक पुरुषांची छापील रंगीत चित्रे सामान्य माणसाच्या घरी पोहोचली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत गिरगावात निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यानंतर काच लावलेली तसबीर ही घरोघरची गोष्ट झाली.

तसबीर खिळ्यावर आली आणि चित्र चल वस्तू बनले. घर विकले तरी चित्र आपल्याबरोबर नेता येते, अथवा केवळ ग्राहकास दाखवण्यापुरते नवे चित्र लावता येते. विक्रेत्याची सोय आणि त्याची जबाबदारी, दोन्ही येथूनच सुरू होतात.

चित्राने किंमत वाढते काय?

बँकेत गृहकर्जाच्या प्रकरणांवर काम केलेले असल्याने हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. बँकेच्या पॅनेलवरील मूल्यांकनकार घरी येतो तेव्हा तो क्षेत्रफळ मोजतो. इमारतीचे वय, मजला, लिफ्ट, पार्किंग, बांधकामाची स्थिती आणि परिसरातील व्यवहारांचे दर पाहतो. भिंतीवरील चित्रासाठी त्याच्या नमुन्यात रकाना नसतो. चित्र प्रभाव टाकते ते ग्राहकाच्या मनावर. बँकेच्या हिशेबात त्याला स्थान नाही.

या दोहोंतील फरक ग्राहकास महागात पडू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जास घराच्या मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जास ८० टक्के आणि त्यावरील कर्जास ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. करारातील किंमत आणि मूल्यांकन यांत जे कमी असेल ते बँक सामान्यतः आधार मानते. समजा, सजावटीने भारावून कोणी ९० लाखांस सौदा ठरवला आणि मूल्यांकन ८० लाखांचेच आले. मूल्यांकन ९० लाखांचे आले असते तर ७२ लाखांपर्यंत कर्ज बसले असते. आता ते ६४ लाखांवर थांबेल. स्वतःच्या खिशातून घालावयाची रक्कम १८ लाखांवरून २६ लाखांवर जाईल. विसार दिलेला असतो, मग तो तरुण नातेवाइकांकडे हात पसरतो किंवा सौदा मोडतो. म्हणून सजावटीचा हेतू घर आहे तसे, पण चांगल्या उजेडात दिसावे एवढाच ठेवावा. त्यात विक्रेत्याचेही हित आहे, कारण मोडलेला सौदा त्याच्याही कित्येक महिन्यांचे नुकसान करतो.

प्रथम काय उतरवावे?

आपल्या घरांत भिंतींवर पुष्कळ काही असते. दारावर नवकार मंत्राची चौकट, हॉलमध्ये गुरुदेवांचे छायाचित्र, शत्रुंजयाचा किंवा सम्मेदशिखराचा पट, चंदनी हार घातलेल्या आजी-आजोबांच्या तसबिरी, वर्षीतपाच्या पारण्याचे सन्मानपत्र, मुलांची बक्षिसे, दिनदर्शिका आणि तिच्यामागे आणखी दोन वर्षांच्या दिनदर्शिका. प्रत्येक वस्तूमागे आपली एक आठवण आहे. पाहुण्यास त्या आठवणी ठाऊक नसतात. त्याला भिंत भरलेली दिसते आणि खोली आहे त्याहून लहान वाटते.

पूजनीय चित्रांविषयी कित्येकांचा संकोच असतो. ‘ग्राहक परधर्मीय असेल म्हणून भगवंतांचा फोटो काढायचा का?’ असा प्रश्न ज्येष्ठ मंडळी विचारतात, आणि तो रास्त आहे. माझ्या मते ही चित्रे उतरवावीत, परंतु त्यामागील कारण वेगळे आहे. विक्रीच्या काळात घरात अनोळखी माणसांची ये-जा असते. पादत्राणांसह कोणी आत येतो, कोणी भिंतीवर ठोकून पाहतो, कोणी तसबीर सरकवून मागचा प्लास्टर तपासतो. ज्या शत्रुंजयपटासमोर कार्तिकी पौर्णिमेस आपण भावयात्रा करतो, तो अशा वर्दळीत टांगून ठेवणे ही आशातनाच होय. तो स्वच्छ वस्त्रात गुंडाळून योग्य ठिकाणी ठेवावा. घरात गृहमंदिर व प्रतिष्ठित प्रतिमा असेल तर तिचे स्थलांतर हा सजावटीचा विषय नव्हे. त्याचा विधी साधू-साध्वीजींच्या मार्गदर्शनाखाली, घर दाखवण्यास सुरुवात करण्यापूर्वीच व्हावा.

प्रतिमा व चित्रे हलवल्यावर तो कोनाडा किंवा ती भिंत सजवू नये. धुऊन, रंगवून मोकळी ठेवावी. येणारा कोणत्याही पंथाचा असो, घर पाहताना तो आपला देव्हारा कोठे येईल हे मनात शोधत असतोच. ती रिकामी, स्वच्छ, उजेडाची जागा त्याला जे सांगते ते कोणतेही महागडे चित्र सांगू शकत नाही.

पूर्वजांच्या तसबिरी उतरवताना घरातील वडीलधाऱ्यांचे मन सांभाळावे. ज्या घरात पन्नास वर्षे संसार झाला, तेथे नवऱ्याची तसबीर भिंतीवरून काढली जाणे आईला लागते. ‘घर विकले गेले’ हे तिला कागदावर सही करताना जाणवत नाही इतके त्या क्षणी जाणवते. तिच्या स्वतःच्या खोलीत एक लहान तसबीर शेवटच्या दिवसापर्यंत राहू द्यावी. तेवढ्याने कोणताही ग्राहक परत जात नाही.

काय ठेवावे, कोठे आणि किती?

सर्व भिंती रिकाम्या केल्यास घर ओसाड वाटते व खोलीचे माप डोळ्यांना कळत नाही. म्हणून थोडी चित्रे असावीत. हॉलमध्ये एक मोठे, निजावयाच्या खोलीत एक, प्रवेशाच्या बोळात एखादे लहान. दोन खोल्यांच्या घरास एवढी पुरेशी आहेत.

आपल्याकडे चित्र फार उंच लावण्याची सवय आहे. तसबीर छताजवळ टांगून पुढे कललेली ठेवण्याची पद्धत पूजनीय चित्रांसाठी योग्य होती, कारण तेथे मान वर करून दर्शन घ्यावयाचे असते. शोभेच्या चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून सुमारे पावणेपाच ते पाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर असावा. सोफ्यावरील चित्राची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांश असावी. सहा फुटी सोफ्यावर चार फुटांचे चित्र शोभते, दीड फुटाचे हरवून जाते. सोफ्याची पाठ आणि चौकटीची खालची कड यांत सहा ते आठ इंच अंतर पुरते. खिडकीसमोरच्या भिंतीवर चकाकणारी काच असलेली तसबीर नको. चित्राऐवजी खिडकीचेच प्रतिबिंब दिसते.

विषय शांत असावा. निसर्गदृश्य, पाने-फुले, पर्वती किंवा मुठेच्या घाटाचे जलरंगातील चित्र पुण्याच्या घरात सहज बसते. छापील परदेशी चित्रांऐवजी आपल्या मातीतील कला घ्यावी, असे मला वाटते. डहाणू परिसरातील वारली चित्रकला जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर व कापडावर आणून जगापुढे नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. कुडाळ तालुक्यातील पिंगुळीची चित्रकथी परंपरा जपणारे परशुराम गंगावणे २०२१ साली याच सन्मानाचे मानकरी ठरले. वारलीच्या पांढऱ्या रेषा गेरूच्या पार्श्वभूमीवर साध्या भिंतीस उठाव देतात व कोणाच्याही श्रद्धेशी त्यांचा विरोध येत नाही. चित्रकला महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची कामे बालगंधर्व कलादालनासारख्या ठिकाणच्या प्रदर्शनांत पाहावयास मिळतात. त्यांतील एखादे विकत घेतले तर तरुण कलावंतास आधार मिळतो आणि ते चित्र पुढे आपल्या नव्या घरातही लावता येते. केवळ दाखवण्यापुरते घेऊन नंतर टाकून देण्याच्या वस्तूंवर खर्च करणे अपरिग्रहाच्या विचारात बसत नाही. नातेवाइकांकडून दोन महिन्यांसाठी चित्र मागून आणण्यातही कमीपणा मानू नये.

लहान खोलीत आरसा लावल्यास ती मोठी भासते. यात फसवणूक आहे का, असे एका वाचकमित्राने विचारले होते. आपल्या अष्टमंगलांत दर्पणही आहे, याची मी त्यांना आठवण दिली. आरसा उजेड वाढवतो. तो काही लपवत नाही. खोलीचे माप करारात चौरस फुटांत लिहिलेले असते आणि ग्राहक ते मोजून घेऊ शकतो.

चित्रामागे काय आहे?

सजावट कोठे थांबावी हे येथे ठरते. पुण्याच्या पावसाळ्यात जुन्या इमारतींच्या पश्चिमेकडील भिंती ओल धरतात. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची नळी गळत असेल तर छताखाली डाग पडतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास रंग दिला की काही महिने सारे झाकले जाते. उरलेल्या डागावर एक मोठे चित्र टांगले की काम झाले, असा सल्ला देणारे दलालही भेटतात.

नोकरीच्या काळात एक कर्जदार घर ताब्यात घेतल्यानंतर काही महिन्यांतच दुरुस्तीसाठी वाढीव कर्ज मागण्यास आला होता. विक्रेत्याने हॉलमधील मोठे चित्र ‘आमच्याकडून भेट’ म्हणून सोडले होते. पावसाळा सुरू झाल्यावर त्याने ते उतरवले तेव्हा मागे भिंत काळी पडलेली होती आणि बुरशी चित्राच्या पाठीवरही चढली होती. खर्चाचा प्रश्न सुटला, परंतु दोघेही साधर्मिक होते, एकाच ठिकाणी प्रतिक्रमणाला बसत. त्या वर्षी संवत्सरीस ते एकमेकांना टाळून निघून गेले, हे सांगताना त्या गृहस्थाचा आवाज भरून आला होता.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्यास ठाऊक असलेला, खरेदीदारास ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात येणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. तो न सांगणे हे कपट मानले जाते.

आपल्या आचार्यांनी हे कितीतरी आधी सांगितले आहे. दिगंबर व श्वेतांबर दोन्ही परंपरांस मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. त्यांत खोटी मापे वापरणे आहे आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू खपवणे, हेही आहे. खराब भिंतीच्या जागी चांगल्या भिंतीचा आभास विकणे याहून निराळे काय आहे? याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात माया, म्हणजे कपट, हे तिर्यंच गतीच्या आयुष्यबंधाचे कारण सांगितले आहे. बाजारात व्यापारी म्हणून आपल्या समाजाने जी पत कमावली ती या शिकवणीवरच उभी आहे.

यासाठी एक साधा क्रम पाळावा. पावसाळा संपताच सर्व चौकटी उतरवून मागची भिंत पाहावी. ओल असेल तर उगम शोधून दुरुस्ती करावी आणि तिची बिले जपून ठेवावीत. खिळ्यांची भोके लांबीने भरावीत. जेथे तसबीर होती तेथे मूळ रंगाचा गडद चौकोन उमटलेला असतो. तेवढ्याच तुकड्यास रंग दिल्यास तो अधिकच उठून दिसतो, म्हणून पूर्ण भिंत रंगवावी. ग्राहक आल्यावर ‘येथे ओल होती, अमुक महिन्यात दुरुस्त केली, ही बिले’ असे आपण होऊन सांगावे. ग्राहक यामुळे बिचकतो ही समजूत अनुभवास उतरत नाही. विक्रेता एक दोष स्वतःहून सांगतो तेव्हा त्याच्या बाकीच्या म्हणण्यावर विश्वास बसतो.

हाच नियम चित्रासही लागू आहे. भिंतीवर छापील प्रत असेल तर ती प्रत आहे असेच सांगावे. सौद्याच्या भरात ‘हे अस्सल रविवर्मा आहे, घराबरोबर तुम्हालाच देतो’ असे म्हणणे हाही प्रतिरूपक व्यवहारच ठरेल.

उतरवलेल्या चित्रांचे पुढे काय?

घर रिकामे करण्याच्या घाईत जुने पट, पोथ्या, तसबिरी रद्दीत जातात. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे याला मोठे उत्तर आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी जुन्या घरांतील दिवे, अडकित्ते, दरवाजे, काचेवरील चित्रे अशा नित्याच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव संग्रहास दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. लोकांनी ज्याला अडगळ मानले, ते आज तिकीट काढून पाहिले जाते.

म्हणून काहीही टाकण्यापूर्वी जाणकारास दाखवावे. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी चित्रे व मूर्ती, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही व त्या खासगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत. मुलाकडे अमेरिकेस जाताना आजोबांचा जुना पट सामानात बांधू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आयकराच्या दृष्टीनेही रंगचित्रे, रेखाचित्रे व शिल्पे ‘वैयक्तिक वापराच्या वस्तू’ मानली जात नाहीत. ती विकून झालेला नफा भांडवली नफ्यात धरला जातो. पोथ्यांसाठी आपल्या शहरात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे, ज्याच्या संग्रहात जैन हस्तलिखिते मोठ्या संख्येने आहेत. मावळात इंद्रायणीकाठी २०२४ साली ‘अभय प्रभावना’ हे जैन विचारपरंपरेस वाहिलेले संग्रहालयही सुरू झाले आहे. अशा संस्थांकडे विचारणा करण्यास एक दूरध्वनी पुरतो.

शेवटची सूचना कागदाची. पंखे, कपाटे यांबरोबर कोणती चित्रे घरात राहणार व कोणती विक्रेता नेणार, याची यादी साठेखतास जोडावी. पाहताना भिंतीवर असलेले चित्र ताबा घेताना नसेल तर ग्राहकास वाईट वाटते, आणि लहानशा वस्तूवरून मोठ्या व्यवहारात कडवटपणा येतो.

घर हा बहुतेक कुटुंबांचा आयुष्यातील सर्वांत मोठा सौदा असतो, घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचाही. खरेदीखतावर सह्या झाल्यानंतर नवा मालक पहिला खिळा ठोकतो तेव्हा आपण तेथे नसतो. त्या वेळी भिंत त्याला कोरडी व मजबूत लागावी, आणि पुढील संवत्सरीस तो समोर आला तर ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना आपली नजर खाली वळू नये, एवढी काळजी चित्रे निवडताना घेतली की पुरे.